सिंगल माल्टला गुण द्यायचे कसे? (झाकलेल्या बाटल्यांची बैठक)

बिनबर्फाचा | शनिवार, रात्री १०.१०

"चांगली सिंगल माल्ट सुचवा, शक्यतो गुण देऊन" हा प्रश्न इथे सारखा येतो. (सिंगल माल्ट म्हणजे एकाच कारखान्यात, निव्वळ मोड आणलेल्या जवापासून केलेली व्हिस्की.) मग कोणीतरी नेटवरून ८७, ९१, ९४ असे आकडे आणून चिकटवतो. मला त्या आकड्यांचा कंटाळा आलाय. शंभरपैकी गुण देणारी मंडळी सत्तरच्या खाली क्वचितच उतरतात. पट्टी नावाला शंभराची, वापरात वीस-पंचवीसच. ब्रिटिश व्हिस्की-समीक्षक जिम मरे यांच्या पद्धतीत वास, चव, फिनिश (गिळल्यावर मागे उरणारी चव) आणि समतोल यांना प्रत्येकी २५ गुण असतात. कागदावर झकास. पण चारही खाती एकाच माणसाच्या जिभेवर चालणार, आणि बाटली ओळखीची असेल तर ती जीभ आधीच फितूर झालेली असते.

म्हणून आम्ही चौघांनी लेबलं लपवून चव घेतली. मित्राची बहीण घेत नाही, तिने आतल्या खोलीत ओतून नंबर लावून ग्लास बाहेर पाठवले. प्रत्येकी १५ मिली, त्याहून थेंबभर जास्त नाही. ग्लास खाली फुगीर, वर निमुळते, म्हणजे वास तोंडाशी गोळा होतो. सोबत साधं पाणी आणि पाव. फरसाण, शेंगदाणे, चकली सगळं शेवटचा ग्लास संपेपर्यंत बंद. (यावरून एक जण उठून जायच्या बेतात होता.) परत कोणीही गाडी चालवत गेलं नाही, हे आत्ताच सांगतो, नाहीतर पहिला प्रतिसाद त्यावरच येईल.

बाटल्या पाच: ग्लेनमोरंजी ओरिजिनल, ग्लेनड्रॉनक १२, इंद्री त्रिनी (हरयाणाची), अमृत फ्यूजन (बंगळूरची), लॅफ्रॉयग १०. गुण दहापैकी.

आता मुद्द्याची गोष्ट. ग्लेनमोरंजीला गुण पडले सहा, सहा, साडेसहा, साडेपाच. सरासरी सहा. लॅफ्रॉयगला पडले नऊ, नऊ, तीन, तीन. सरासरी पुन्हा सहाच! पण लॅफ्रॉयगला सहा आमच्यातल्या कोणीच दिले नव्हते. तो आकडा खोलीतल्या एकाही माणसाचं मत नाही. आता वाईन शॉपच्या काउंटरवर उभा असलेला नवखा माणूस "दोन्हीला सहा" एवढंच वाचून लॅफ्रॉयगचा खंबा उचलेल, घरी जाऊन झाकण उघडेल आणि दवाखान्याच्या वासाने गार होईल.

माझं म्हणणं एवढंच, की गुण देताना सरासरी बाजूला ठेवा आणि सर्वांत वरचा, सर्वांत खालचा आकडा सांगा. मधली दरी किती, त्यावर बाटली घ्यावी की आधी परमिट रूममध्ये एक पेग मागवून बघावा ते ठरतं.

बाकी निरीक्षणं थोडक्यात. ग्लेनमोरंजी हलकी, मोसंबीची साल, थोडा व्हॅनिला; कोणाला त्रास नाही, कोणाला वेडही लावत नाही. तिथली ऊर्ध्वपातनाची भांडी पाच मीटरहून उंच, स्कॉटलंडमधली सर्वांत उंच. जड वाफ वर पोचायच्या आत थंड होऊन खाली पडते, म्हणून स्पिरिट असं नाजूक उतरतं. ग्लेनड्रॉनकला मनुका, खजूर, जायफळ. दिवाळीच्या आठवड्यातलं स्वयंपाकघर. त्रिनीत लाकूड आणि गोडवा पुढे पुढे करतात, पहिला घोट मोहक, तिसऱ्याला मी दमलो. फ्यूजनला मात्र आमच्यातल्या कट्टर स्कॉचवाल्याने सर्वांत जास्त गुण दिले आणि "हायलँड, शेरी पिंप, पंधरा वर्षं तरी" असा निकाल ठोकला (हायलँड म्हणजे स्कॉटलंडचा डोंगराळ भाग; शेरी ही स्पेनची कडक वाईन, तिच्या पिंपात व्हिस्की मुरवतात). बाटली बघितल्यावर त्याने विषय बदलून मेट्रोच्या कामावर नेला.

महाराष्ट्रात यासाठी वयाची अट २५ आहे आणि परवानाही लागतो. त्याखालच्यांनी धागा फक्त वाचावा.

जुनाट | शनिवार, रात्री १०.५५

एवढं गणित मी दहावीलाही केलं नाही. आम्ही बसायचो तेव्हा चांगली म्हणजे संपलेली आणि वाईट म्हणजे उरलेली. हलके घ्या.

पण एक खरा प्रश्न. पूर्वापार ऐकत आलो की १२ पेक्षा १८ बरी आणि १८ पेक्षा २५. तुझ्या फ्यूजनवर तर वयच लिहिलेलं नाही. मग तिला पंधरा वर्षांची कोण समजला आणि का?

बिनबर्फाचा | शनिवार, रात्री ११.२०

जुनाटकाका, कारण आहे हवामान. पिंपातून दर वर्षी थोडी उडून जाते, तिला 'एंजल्स शेअर', म्हणजे देवदूतांचा वाटा, म्हणतात. स्कॉटलंडमध्ये हा वाटा साधारण दोन टक्के. बंगळूर समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांवर, कोरडं आणि उबदार. तिथे अमृतच्या गोदामात दहा-बारा टक्के जातात. हिशेब करून बघा. दोन टक्क्यांनी बारा वर्षांत पिंपातली साधारण अठ्ठ्याहत्तर टक्के शिल्लक राहते. दहा टक्क्यांनी आठ वर्षांत त्रेचाळीस. म्हणून त्यांनी आपल्या जुन्या माल्टचं नावच 'ग्रीडी एंजल्स' ठेवलं.

उष्णतेने स्पिरिट लाकडात जोरात आत-बाहेर करतं, रंग आणि चव लवकर ओढून घेतं. त्यामुळे आपल्याकडची चार-पाच वर्षांची माल्ट नाकाला बरीच पोक्त वाटते. बारा वर्षं ठेवली तर लाकूडच प्यायला मिळेल. आणि लेबलवरचा आकडा हा त्या बाटलीतल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचं वय असतो. आत वीस वर्षांची मिसळली असेल तरी १२ च लिहावं लागतं.

एडिंबरातला आळशी | रविवार, पहाटे ३.०५ (तुमच्याकडे)

चांगला धागा. दरीचा मुद्दा मान्य, पण लॅफ्रॉयगला तीन देणाऱ्यांनी नेमकं काय नाकारलं ते लिहायला हवं. धूर की औषध? त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बार्ली (जव) भिजवून मोड आणतात आणि मग ती वाळवताना खाली पीट जाळतात. पीट म्हणजे शेकडो-हजारो वर्षं दलदलीत कुजून दबलेली वनस्पती. त्या धुरातली फिनॉलं दाण्याला चिकटतात. ग्वायकॉल धुरकट वास देतं, क्रेसॉलं औषधी. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या पीटने ती दवाखान्याची छटा येते. उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवर झाडं जवळपास नाहीतच, तिथल्या पीटमध्ये हेदर नावाचं झुडूप भरपूर, म्हणून तिथल्या हायलँड पार्कचा धूर गोडसर, फुलांच्या बाजूचा. तुमच्या तीनवाल्यांना ती कदाचित सात गुणांची वाटेल.

लोक पीपीएमचे (दर दहा लाख भागांत फिनॉलं किती) आकडे फेकतात तेही जपून घ्या. तो आकडा वाळवलेल्या दाण्याचा असतो (त्यालाही माल्टच म्हणतात), बाटलीतल्या व्हिस्कीचा नव्हे. आयलावरच्याच ऑक्टोमोर ८.३ ची माल्ट ३०९ पीपीएमची होती, पण ती लॅफ्रॉयगच्या सातपट धुरकट लागते असं मुळीच नाही. लॅगावुलिन आणि कल ईला याही आयलाच्याच, दोघींना माल्ट पोर्ट एलन गावच्या एकाच कारखान्यातून जाते, पीपीएम जवळपास तेच. तरी लॅगावुलिन जाड, तेलकट, शेकोटीच्या राखेची. कल ईला सडसडीत, लिंबू आणि खारा वारा. फरक भांड्यांच्या आकारात, ती किती भरतात त्यात, आणि ऊर्ध्वपातनाच्या धारेतला मधला भाग कुठून कुठपर्यंत धरतात त्यात. धुराची बरीच द्रव्यं शेवटी शेवटी येतात. उशिरापर्यंत धरलं की धूर जास्त.

आणि आयला म्हणजे धूर हेही डोक्यातून काढा. ब्रुकलॅडीची नेहमीची बाटली बिनपीटची. बुनाहावनचाही बहुतेक माल तसाच.

लिंबूसरबत | रविवार, सकाळी ८.३०

मी घेत नाही, तरी सगळं वाचलं. आयोडेक्सच्या वासाचं पेय साडेसहा-सात हजारांना विकत घेऊन वर त्याला नऊ गुण देणाऱ्या त्या दोन थोर आत्म्यांना भेटायला आवडेल.

गवती चहा | रविवार, सकाळी ९.१५

@लिंबूसरबत, त्यातली एक मी. भेटा कधीही.

बैठकीत मी होते, म्हणून काही गोष्टी सांगायला हव्यात, ज्या धागाकर्त्याने गाळल्यात. पहिली: हलकी आधी आणि धुरकट शेवटी असा क्रम ठरलेला होता. कारण रास्त आहे. धुराची चव एकदा जिभेवर बसली की नंतरची नाजूक माल्ट पाण्यासारखी लागते. पण त्यामुळे पाचवा ग्लास येण्याआधीच सगळ्यांना ठाऊक होतं की आता धूर येणार. ज्यांना धूर आवडत नाही त्यांनी नाक जवळ न्यायच्या आधीच तोंड वाकडं केलं होतं. मी समोर बसले होते, मला दिसलं. लेबल झाकलं, पण क्रमाने चुगली केली.

दुसरी: रंग. ग्लास पारदर्शक होते. ग्लेनड्रॉनकचा लालसर तपकिरी रंग दिसताच तिघे जण "शेरी!" म्हणाले. त्यानंतर मनुका सापडणारच. स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरमेल, म्हणजे ई-१५०ए, घालायला कायद्याने परवानगी आहे. त्यामुळे गडद रंगावरून वय किंवा पिंप ओळखणं हा निव्वळ जुगार. ऑलिव्ह तेलाचे परीक्षक गडद निळ्या काचेच्या पेल्यातून चव घेतात, का ते उघड आहे. आपणही तसं करू.

तिसरी, आणि मला हीच सर्वांत महत्त्वाची वाटते: एकच व्हिस्की दोन वेगळ्या नंबरांनी ठेवायला हवी होती. एखाद्याने तिसऱ्या नंबरला आठ आणि सहाव्याला पाच दिले आणि दोन्हीत माल एकच निघाला, तर त्याच्या बाकीच्या गुणांचं काय करायचं? माणसामाणसांतली दरी सांगण्याआधी एकाच माणसाची स्वतःशी असलेली दरी मोजा.

ता.क. बायकांना गोड आणि हलकी आवडते असं वाईन शॉपवाले सांगतात. माझे नऊ कुठे पडले ते वर आहेच.

बिनबर्फाचा | रविवार, सकाळी १०.४०

> एकच व्हिस्की दोन वेगळ्या नंबरांनी

हे जबरी आहे. आणि माझ्या मूळ मुद्द्याला बळच देतं. स्वतःशीच तीन गुणांचा फरक पडणाऱ्याने ८७ आणि ८९ मधला भेद सांगू नये.

क्रमाबद्दल: मध्येच एक धुरकट टाकून मग दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, पाव-पाणी घ्यायचं, असं करता येईल. पण तेवढ्याने जीभ ताळ्यावर येते का, शंका आहे.

काणकोणकार | रविवार, दुपारी १.२५

पाच बाटल्यांत आमच्या गोंयची एकही नाही? निषेध!

पॉल जॉन कुंकळ्ळीला तयार होते, दक्षिण गोव्यात, माझ्या घरापासून गाडीने थोडक्या अंतरावर. २०१२ मध्ये आधी लंडनमध्ये बाजारात आणली, मग इकडे. अमृतचंही तसंच, २००४ मध्ये पहिल्यांदा ग्लासगोत. आपल्याकडच्याने आधी परक्यांकडून प्रशस्तिपत्र आणलं की मगच आपण घरात घेतो, जुनी सवय. २०१० साली जिम मरेंनी फ्यूजनला ९७ गुण देऊन जगात तिसरी म्हटलं, तेव्हा कुठे मुंबई-पुण्याच्या लोकांनी नाव विचारायला सुरुवात केली. धागाकर्त्याला आकड्यांचा राग असेल, पण त्या एका आकड्याने एक अख्खा उद्योग उभा केला हेही लिहा.

त्याआधीही फोंड्याला मॅकडॉवेलची सिंगल माल्ट निघत होती, फार जणांना ठाऊक नाही.

पॉल जॉनमध्ये भारतीय सहा-ओळींची (कणसात दाण्यांच्या सहा ओळी असलेली) बार्ली वापरतात. स्कॉटलंडची बहुतेक दोन-ओळींची. सहा-ओळींच्या दाण्यात स्टार्च थोडा कमी, प्रथिनं जास्त. दारू कमी उतरते पण चवीला जरा तेलकट भरीवपणा येतो, असं माझं मत. ब्रिलियन्स घेऊन बघा: मध, जव भाजल्याचा वास, शेवटी सुंठ. बोल्ड धुरकट आहे, पण तिच्या धुरात दवाखाना नाही. आळशीभाऊंच्या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळेल.

अवांतर: ज्याच्या नाकाने लहानपणापासून काजू फेणी ओळखलीय त्याला लॅफ्रॉयग घाबरवत नाही. आमच्याकडे पाहुणे फेणीचा ग्लास हातभर लांब धरतात. त्यांनाच आयलाची बाटली दिसली की डोळे मिटून "काय कॅरेक्टर आहे" म्हणतात. तीच माणसं, तेच नाक.

एडिंबरातला आळशी | रविवार, दुपारी ४.५०

काणकोणकार, शेवटचा परिच्छेद अख्खा मान्य.

शेरीबद्दल एक भर. इथले मार्गदर्शक अजूनही गोष्ट सांगतात की स्पेनहून शेरीने भरलेली पिंपं ब्रिटनला यायची आणि रिकामी झाली की काटकसरी स्कॉट लोक त्यात व्हिस्की भरायचे. कधीकाळी खरंच होतं. पण १९८० च्या दशकात शेरी पिंपातून बाहेर पाठवणं बंद झालं, ती स्पेनमध्येच बाटल्यांत भरू लागले. तेव्हापासून शेरी पिंप म्हणजे बहुतेक वेळा खास व्हिस्कीवाल्यांसाठी बनवलेलं नवं पिंप, त्यात वर्ष-दोन वर्षं शेरी मुरवतात. ती शेरी पुढे पिण्यापेक्षा व्हिनेगर, ब्रँडी करायला जास्त जाते. त्यामुळे साठच्या दशकातल्या शेरी-माल्टची आठवण काढून रडणारे म्हातारे अगदीच खोटं बोलत नाहीत.

जुनाट | रविवार, संध्याकाळी ६.३०

म्हातारे म्हटल्याबद्दल आभार. आता बर्फाचं बोला. धागाकर्त्याचं टोपणनावच माझ्यासारख्यांना टोमणा आहे. मे महिन्यात नागपुरात नीट घेऊन दाखवा.

बिनबर्फाचा | रविवार, संध्याकाळी ७.१०

काका, प्यायला बर्फ खुशाल घाला. गुण देताना नको. थंडीने वास दबतो आणि चवीचा बराच भाग वासातच असतो.

पाण्याचं वेगळं. काही थेंब पाणी घातल्यावर माल्ट खुलते हे पिणारे पूर्वीपासून सांगत होते. २०१७ मध्ये स्वीडनच्या दोन संशोधकांनी संगणकावर रेणूंची मांडणी करून त्याचं कारण दाखवलं. आळशींनी वर सांगितलेलं ग्वायकॉल हे अल्कोहोलच्या रेणूंच्या घोळक्यात राहतं. अल्कोहोल ४५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली असेल तर तो घोळका पृष्ठभागाशी जमतो, म्हणजे तुमच्या नाकाजवळ. ५९ टक्क्यांच्या वर गेलं की ग्वायकॉल खोल द्रवात दडून बसतं. फ्यूजन ५० टक्क्यांची, तिला आम्ही चमचाभर पाणी दिलं आणि धूर खरोखर वर आला. ४० टक्क्यांच्या बाटलीत पाणी घालायचं मात्र मला कारण दिसत नाही, कारखान्यात ते आधीच भरपूर घातलेलं असतं.

पाणी किंवा बर्फ घातल्यावर ग्लास गढूळ झाला तर घाबरू नका, भेसळ नाही. मेदाम्लांची एस्टरं थंडीत विरघळत नाहीत, तेवढंच. ती दिसू नयेत म्हणून बऱ्याच कंपन्या व्हिस्की थंड करून गाळतात. ४६ टक्के आणि वर ठेवली तर सहसा गढूळ होत नाही. म्हणून गाळणी टाळणाऱ्यांच्या बाटल्यांवर ४६ हा आकडा इतका दिसतो. त्रिनीही ४६, पॉल जॉन ब्रिलियन्सही.

लिंबूसरबत | रविवार, रात्री ८.००

किमतीला गुण का नाहीत? वडापावचंही परीक्षण करतात तेव्हा "पंधरा रुपयांत उत्तम" लिहितात.

गवती चहा | रविवार, रात्री ८.२०

कारण किंमत व्हिस्कीने ठरवलेली नसते, सरकारने ठरवलेली असते. नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राने आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० केलं आणि तीच बाटली रातोरात स्वस्त झाली. चव बदलली का? जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी व्यापार करारावर सह्या झाल्या, त्यात आयात शुल्क १५० वरून ७५ आणि मग दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं. किंमत धरून दिलेले गुण दर अर्थसंकल्पाला बदलत बसावे लागतील. किंमत शेजारी लिहा, गुणांत मिसळू नका.

काणकोणकार | रविवार, रात्री ९.०५

शुल्क उतरलं तर खरी परीक्षा भारतीय माल्टची. आज इंद्री आणि स्कॉटलंडची ग्लेनफिडिक काउंटरवर शेजारी असतात ते करामुळे. कर गेला की चवीवर लढावं लागेल. मला भीती वाटत नाही, पण ज्यांनी नुसत्या जड बाटलीवर आणि सोनेरी खोक्यावर पैसा घातलाय त्यांना वाटायला हवी.

कोंडाणेकर | रविवार, रात्री ९.४०

वाचनमात्र होतो, राहवलं नाही. सगळं गोवा-बंगळूर-हरयाणा चाललंय, महाराष्ट्राचं काय? नाशिकजवळ दिंडोरीला पेर्नो रिकार कंपनीची लाँजिट्यूड ७७ माल्ट बनते. डहाणूला, चिकूच्या गावात, साउथ सीज डिस्टिलरी आहे, त्यांनी क्रेझी कॉक नावाने दोन सिंगल माल्ट काढल्यात, एक साधी आणि एक 'धुआ' म्हणजे धुरकट. बार्ली कुठलीही असेल. पण पिंपं डहाणूच्या खाऱ्या दमट हवेत मुरतात, तेव्हा पुढच्या बैठकीत कुंकळ्ळीच्या शेजारी डहाणू ठेवून बघायला काय हरकत? दोन्ही किनारपट्टीच.

बिनबर्फाचा | रविवार, रात्री १०.१५

मस्त कल्पना. मग पुढची यादी अशी: पॉल जॉन बोल्ड, डहाणूची धुरकट, हायलँड पार्क १२, लॅगावुलिन १६, कल ईला १२. पाचही कमी-जास्त धुराच्या, म्हणजे क्रमावरून ओळखायचा प्रश्नच मिटला. त्यातली कोणती तरी एक दोनदा येणार, कोणती ते ओतणारी ठरवेल. निळे पेले मिळेपर्यंत ग्लासांना बाहेरून काळी चिकटपट्टी लावू. गुण देताना प्रत्येकाने "धूर" आणि "औषध" असे दोन रकाने वेगळे भरायचे. कागद आधी गोळा होणार, तोंडं नंतर उघडायची. गेल्या वेळी एकाने "अहाहा" म्हटल्यावर शेजारच्याचे गुण वाढले होते.

अडचण एकच, कल ईला इथे आमच्या दुकानात मिळत नाही. आळशी, डिसेंबरात येतोयस ना?

एडिंबरातला आळशी | सोमवार, पहाटे २.३०

येतोय. कस्टमला दोन लिटर चालते, म्हणजे सातशे मिलीच्या दोनच बाटल्या बसतात. एक कल ईला तुमची. दुसरी सासऱ्यांची, ती झाकून ठेवायचा प्रश्न येत नाही, ते लेबल बघूनच पितात.

जुनाट | सोमवार, सकाळी ७.४५

नागपूरहून यायला तयार आहे. तीनवाला एक तरी लागेलच ना तुम्हाला? तारीख कळवा.